मासोळीचा उन्हाळा

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘गारवा’ हा विषय दिला तेव्हा मार्च नुकताच लागला होता आणि नागपुरात घरोघरी कूलर अडगळीतून बाहेर निघत होते. ताट्यांमधलं जुनं, काळं पडलेलं गवत उपसायचं, नवं भरायचं, पंप फिरतो का ते पाहायचं, हा आमच्याकडचा वार्षिक विधी. तो संपला की उन्हाळा अधिकृतपणे सुरू होतो. गारवा म्हटल्यावर कोणी वाळ्याच्या अत्तरावर लिहील, कोणी आजीच्या माठावर, कोणी महाबळेश्वरच्या धुक्यावर. मला आठवले ते सहा गोल्डफिश.

२०१३ सालचा मे. मुलीच्या हट्टापायी दोन फुटी काचेचा टँक घरी आला होता. ज्या दुकानातून घेतला तिथे बजावून सांगितलं होतं, की खाणं चिमूटभर द्या, पाणी पंधरा दिवसांनी बदला आणि झाकण कायम बंद ठेवा. आम्ही तिन्ही पाळलं. २३ मे रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला, शहरातला नोंदलेला उच्चांक. दुपारी टँकमध्ये बोट घातलं तर पाणी आंघोळीचं वाटलं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मी घाबरून फ्रीजमधला बर्फाचा ट्रे आणला आणि सरळ पाण्यात उपडा केला. पहाटे उठून पाहिलं तर सहाही उलटे. मुलगी आता नोकरी करते, विषय निघाला की अजून म्हणते, “बाबांनी मारले.”

ते उकाड्याने मेले, बर्फाने की आणखी कशाने, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. त्यातच नागपूरजवळच्या खाप्याच्या एका मित्राने सांगितलं, की त्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या विणकराकडे गोल्डफिश आहेत आणि त्यांनी एसीविना पाच-सहा उन्हाळे काढले आहेत. गोल्डफिश हा मुळात गार पाण्याचा जीव. अठरा ते चोवीस अंश त्याला मानवतात. खाप्याच्या उन्हात तो जगतो कसा, हे पाहायला नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या, आधीच जाणं सोयीचं झालं असतं. पण मुद्दाम नवतपाच गाठला.

कोराडीचे मनोरे

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालं की शहर संपता संपता कोराडीचं औष्णिक वीज केंद्र लागतं. धुराची उंच धुरांडी लांबूनच दिसतात. त्यांच्याशेजारी कमरेत आवळल्यासारखे बुटके, रुंद मनोरे असतात. त्यांतून निघतं ते पांढरं काहीतरी म्हणजे धूर, अशी अनेकांची समजूत. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचीही होती. तो धूर नव्हे, वाफ आहे. केंद्रातून तापून आलेलं पाणी या मनोऱ्यांत उंचावरून धारांनी, थेंबांनी खाली सोडतात आणि खालून हवा वर चढते. त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. गार झालेलं पाणी पुन्हा कामावर. नागपूरकरांच्या न्हाणीघरांतून वाहून गेलेलं पाणी भांडेवाडीला शुद्ध करून इथे आणण्याची व्यवस्थाही आहे. दिवसाला तेरा कोटी लिटर अशी तिची आखणी. म्हणजे आपल्याच आंघोळीचं पाणी उडून जाऊन आपल्याच कूलरची वीज तयार करतं.

हे सगळं मला जाताना टँकशी जोडता आलं नव्हतं. परतताना तेच मनोरे दिसले तेव्हा जोडता आलं.

पाटणसावंगीनंतर रस्ता आत वळतो, संत्र्याच्या बागा लागतात आणि कन्हानच्या काठी उंचावर वसलेलं खापा येतं. गाव जुनं. नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्यांपैकी एक. जवळच गुमगावची मँगनीजची खाण. पण खाप्याची खरी ओळख हातमागाची. एकेकाळी इथे घराघरात धोटा चालायचा. आता आवाज शोधावा लागतो.

मोबाइलच्या दुकानातली पेटी

मित्राने आधी मला बाजारातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. “पहिले बिघडलेलं पाहा, मग सुधारलेलं पाहू,” हे त्याचं म्हणणं. दुकानाचं तोंड पश्चिमेला, वर टिनाचं छत. काउंटरच्या टोकाला दोन फुटी टँक, वर काळं प्लास्टिकचं झाकण, झाकणात दिवा, मागे प्रवाळाचं चित्र चिकटवलेलं आणि तळाशी निळे खडे. आत दोन गोल्डफिश, चार मोली आणि कोपऱ्यात वेगळ्या बरणीत एक फायटर.

दुकानदार पोरगा विशी-बाविशीचा. “घेतले तेव्हा दहा होते जी,” तो म्हणाला. “मार्चपासून एकेक चाल्ले.” काचेवर तापमान दाखवणारी, रंग बदलणारी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यात तिशीच्या वरचा कुठलाच चौकोन नीट उजळत नव्हता. मी सोबत नेलेला काचेचा थर्मामीटर पाण्यात धरला, तर पस्तीस अंश. पट्टीचा दोष एवढाच, की ती काचेला चिकटलेली असते, तिला पाण्याइतकीच बाहेरची हवाही लागते. तापमान मोजणं दिसतं तितकं सोपं काम नाही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. मागाहून हवामान खात्याने सांगितलं, की यंत्रच बिघडलं होतं. तेव्हा पन्नास-साठ रुपयांचा थर्मामीटर पाण्यात बुडवून ठेवावा, पट्टी सोडून द्यावी, हे मी त्या पोराला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि एका गिऱ्हाइकाचा स्क्रीनगार्ड लावायला घेतला.

दिवा दिवसभर चालू. “बंद केला तर टँक दिसत नाही नं,” हे त्याचं कारण, आणि दुकानाच्या दृष्टीने ते खरंही आहे. सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकांसमोर, हॉटेलच्या गल्ल्यावर टँक ठेवतात तो लोकांनी पाहावा म्हणूनच. पण दिवा, पाण्यात बुडालेला फिल्टर, पंप ही सगळी लहान लहान शेगडीच. वीस वॅटचा फिल्टर चोवीस तास पाण्यात चालला की शंभर लिटर पाणी चार अंशांनी तापवण्याइतकी उष्णता देतो. एरवी ती उष्णता काचेतून, पृष्ठभागावरून निघून जाते. झाकण गच्च बसवलं आणि खोलीच तापलेली असली, तर जायला वाटच राहत नाही.

वर येणारी तोंडं

गरम पाण्यात माशाला चटका बसतो असं नाही. त्याची कोंडी होते. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना एका लिटरमध्ये फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम, पस्तीस अंशांना सातच्याही आत. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण मासा थंड रक्ताचा, पाणी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार वेगाने चालू लागतो. दहा अंश वाढले तर साधारण दुपटीने. म्हणजे गरज दुप्पट आणि पुरवठा घटलेला. त्यात उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेली पानं तापलेल्या पाण्यात झपाट्याने सडतात, आणि सडवणारे जिवाणूही तोच प्राणवायू खातात. शिवाय पाण्यातला अमोनिया गरमीत जास्त जहाल रूप घेतो. एकाच वेळी तीन-चार बाजूंनी आवळलेला फास असतो हा.

मग मासा वर येतो. पाण्याचा अगदी वरचा पातळ थर हवेला टेकलेला असतो, तिथे प्राणवायू त्यातल्या त्यात बरा. पोरं समजतात मासे खाणं मागताहेत, आणि चिमटीऐवजी मूठ टाकतात. उन्हाळ्यात टँकमधले निम्मे मासे या मायेनेच मरत असावेत, असं माझं मत आहे.

बरणीतला फायटर मात्र मजेत होता. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घ्यायची वेगळी व्यवस्था असते. तो वर येतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. आपल्याकडची मरळ, मांगूर ही त्याच पंथाची. ढीवर मंडळी मरळ ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारात आणतात आणि ती टोपलीतही जिवंत असते, ती याच बळावर. गोल्डफिशला हे वरदान नाही. गंमत अशी, की आपल्या दुकानांत सगळ्यात जास्त खपतो तो गोल्डफिशच.

मागाच्या खड्ड्याशेजारी

विणकर काकाजींचं घर आतल्या गल्लीत. बाहेरून आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही, इतकं अंधारं. डोळे सरावल्यावर खोलीच्या मधोमध खड्डा माग दिसला. पाय सोडून बसायचा खड्डा जमिनीत, माग जमिनीच्या पातळीवर. मागावर आता ताणा नव्हता, वर गोधड्यांची चवड होती. खड्ड्याच्या कडेला, भिंतीपासून हातभर सोडून, विटांच्या ओट्यावर टँक. तोही दोन-अडीच फुटी. झाकण नाही. त्याऐवजी कामट्यांच्या चौकटीवर मच्छरदाणीचं कापड ताणलेलं.

“बसा नं जी. एवढ्या उन्हात कुठं निघाले?” काकाजींनी विचारलं आणि माठातलं पाणी दिलं. काकूंनी सोबत गुळाचा खडा ठेवला.

टँकमध्ये चार गोल्डफिश, तळाजवळ शांतपणे फिरणारे. एकही वर नाही. थर्मामीटर धरला. साडेसत्तावीस. बाहेर त्या दिवशी चव्वेचाळीसच्या पुढे होतं. मी दोनदा मोजलं.

टँकच्या दोन बाजूंना धुतलेल्या पंचाचं कापड लावलं होतं, वरचं टोक काचेच्या काठावरून आत पाण्यात टेकलेलं, खालचं टोक एका परातीत. कापड वातीसारखं पाणी ओढून घेत होतं आणि काचेवर ओलं राहत होतं. समोर खिडकीत कूलर. पण कूलरचा झोत थेट टँकवर नव्हता, पाण्यावरून जेमतेम पुसटसा जात होता. मागच्या बाजूची खिडकी उघडी. कूलर लावून खोली बंद केली की हवा दमट होऊन चिकचिक होते, हे नागपूर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवीच.

झाकणाचं विचारलं तर काकाजी हसले. “माठ पाझरते म्हणून थंड होते. काच काही पाझरत नाही. मंग तिचं तोंड तरी उघडं ठेवा लागंन का नाही?”

बारा वर्षं मी ज्या प्रश्नाभोवती फिरत होतो तो त्यांनी दोन वाक्यांत सोडवला. दुकानात ‘कायम बंद’ म्हणून विकलेलं ते झाकण, बाष्प अडवून पाणी तापवण्याचं साधन होतं. थंड देशांत ते कामाचं. तिथे ऊब टिकवायची असते. आपण टँकबरोबर झाकणही घेतलं आणि त्यामागचं हवामान विचारलंच नाही.

हे शहाणपण काकाजींना टँकने शिकवलेलं नव्हतं, मागाने शिकवलं. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो, ओलाव्यात चिवट. वैशाखात ताण्याची सुतं तटातट तुटतात आणि विणकराचा निम्मा दिवस गाठी मारण्यात जातो. म्हणून खड्डा माग जमिनीत, जिथे ओल टिकते. म्हणून खिडक्या लहान, म्हणून जमिनीवर पाणी शिंपडणं, मागाखाली ओली पोती. “सूत असो का मासोळी, दोघाले बी कोरडं वारं नाही चालत,” काकाजी म्हणाले. पुढे हेही म्हणाले, “पण वारं नसलं तर ओलंबी कामाचं नाही.” ओल आणि वारं या दोन्हींचा मेळ घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ज्या घरात धाग्यासाठी ही व्यवस्था होती तिथे धागा संपल्यावर मासे आले. माग कधी बंद पडला ते मी विचारलं. काकूंनीच उत्तर दिलं, “पोरं पुण्याले गेले तवा.” टँकही पोरांनीच आणून दिलेला.

एक लिटर वाफ, सव्वापाच किलो बर्फ

परत आल्यावर मी वहीत गणित मांडलं, कारण काकाजींचं म्हणणं पटलं तरी बर्फाचा मोह सुटत नव्हता. शाळेतलं पदार्थविज्ञान कधी नव्हे ते उपयोगी पडलं.

एक किलो बर्फ वितळायला ऐंशी किलोकॅलरी उष्णता घेतो. वितळलेलं पाणी तीस अंशांपर्यंत तापायला आणखी तीस. एकूण एकशे दहा. शंभर लिटरच्या टँकमध्ये एक किलो बर्फ टाकला तर पाणी जेमतेम अंशभर उतरतं, आणि दुपार अजून उरलेलीच असते. आता एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर? ते पाचशे ऐंशी किलोकॅलरी घेऊन जातं. तेच शंभर लिटर पाणी जवळपास पावणेसहा अंशांनी गार करण्याइतकी. म्हणजे उडून गेलेलं एक लिटर पाणी सव्वापाच किलो बर्फाच्या बरोबरीचं. बर्फाची फॅक्टरी घरातच आहे आणि तिला वीज लागते ती लहानशा पंख्यापुरती. संगणकाच्या जुन्या कॅबिनेटमधला पंखा मोबाइलच्या चार्जरवर चालवून तो टँकच्या काठावर तिरपा बसवणारे लोक मी नंतर पाहिले. टेबलफॅनही चालतो, फक्त झोत पाण्याच्या पृष्ठभागावर हवा, काचेवर नको.

हे सगळीकडे सारखं चालत नाही, आणि इथे विदर्भाचं नशीब जोरावर आहे. पाणी बाष्पीभवनाने किती गार होऊ शकतं याला मर्यादा असते, ती हवेच्या कोरडेपणावर ठरते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर पारा जिथे थांबतो ती मर्यादा. नागपूरकडे मे महिन्यात चव्वेचाळीस अंश असताना हवेतली आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा हे ओलं फडकं तेवीस अंशांच्या जवळ थांबतं. बाहेर आणि पाण्यात वीस अंशांचं अंतर राखण्याची सोय निसर्गानेच दिलेली. मुंबईत तापमान चौतीस आणि आर्द्रता सत्तर टक्के असेल तर तेच फडकं एकोणतीसच्या खाली उतरत नाही. माझ्या दादरच्या मावसभावाने पंखा लावून पाहिला, दोन अंशांवर काही उतरलं नाही. अशा ठिकाणी किंवा प्रवाळाच्या टँकना फ्रीजच्या तत्त्वावरचा चिलर लावावा लागतो, आणि त्याची किंमत टँकच्या आणि माशांच्या मिळून किमतीपेक्षा जास्त भरते. ज्या लू वाऱ्याला आम्ही शिव्या घालतो तो माशांच्या बाबतीत आमच्या बाजूने आहे, हे कबूल करायला मला जरा जड गेलं.

मात्र पाऊस पडला की हे गणित उलटतं. जुलैत पंखा चालवून फार काही हाती लागत नाही, आणि कूलरही तेव्हा नुसता ओला वारा फेकतो. ऑक्टोबरचा उकाडा त्यामानाने वाईट. पारा पस्तिशीत आणि हवेत ओल. तेव्हा सावली, कमी खाणं आणि जास्त बुडबुडे, एवढंच हातात.

बर्फ अगदीच वापरायचा तर बाटलीत गोठवून, झाकण लावून, बाटलीच पाण्यात सोडावी. पन्नास लिटरच्या टँकमध्ये लिटरभराची बाटली दोन अंशांच्या वर उतरवत नाही, आणि तेही सावकाश. मी ट्रे उपडा केला होता. नळाच्या पाण्याचा बर्फ, त्यात क्लोरीन, आणि मिनिटाभरात कुठे पाणी थंडगार, कुठे तापलेलं. माशाला उष्णतेइतकाच तिचा झटकाही सोसत नाही.

उडतं ते पाणी, उरतो तो क्षार

काकाजींचा टँक रोज बोटभर खाली जातो. ते रोज सकाळी भरतात. पण नुसतं भरत राहिलं तर गोष्ट बिघडते, कारण उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरतो तो हाच. कूलरच्या टाकीत, ताट्यांच्या काडीवर आणि कोराडीच्या मनोऱ्यांतही हेच होतं. तिथेही क्षार साचलेलं पाणी अधूनमधून सोडून ताजं घ्यावं लागतं. काकाजी आठवड्यातून एकदा दोन बादल्या काढतात, तुळशीला आणि कढीपत्त्याला घालतात, आणि तेवढंच नवं घालतात.

नवं पाणी कुठलं, हा आणखी एक सापळा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल इतकं तापतं. ते सरळ टँकमध्ये ओतणारे महाभाग मला भेटले आहेत. काकाजींच्या अंगणात विहीर आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं. प्रत्यक्षात ते बारा महिने जवळपास सारखंच असतं, बदलतो तो आपला हात. विहीर नसली तर नळाचं पाणी रात्रीच बादलीत, माठात भरून ठेवावं. क्लोरीनही उडतं, गारही होतं. चीनमध्ये मिंग राजांच्या काळात गोल्डफिश मातीच्या आणि चिनी मातीच्या रुंद कुंडांत ठेवत, हे वाचल्यापासून मला काचेबद्दलच शंका वाटू लागली आहे. आपण माशाला वरून पाहायला तयार असतो तर रांजण केव्हाही बरा. पण मासा बाजूने पाहायचा हट्ट आपला आहे, आणि त्याची किंमत मासा देतो.

वीज गेली की

आम्ही बोलत असतानाच वीज गेली. कूलर थांबला, बुडबुडे थांबले. काकाजी उठले, स्टीलचा मग घेतला आणि टँकमधलंच पाणी काढून फूटभर उंचीवरून परत त्यात ओतू लागले. धार, फेस, पुन्हा धार. धार पडताना हवा सोबत घेऊन जाते आणि पाणी थोडं गारही होतं. दहा-बारा मग झाले की पाच मिनिटं थांबायचं. “रात्री गेली तर?” मी विचारलं. काकूंनी कोनाड्यातली पेटी दाखवली. सेलवर चालणारा लहान पंप, पोरांनी पाठवलेला.

रात्रीची गोष्ट महत्त्वाची. दिवसा टँकमधली पानं, शेवाळ उजेडात प्राणवायू सोडतात. अंधारात तीही माशांसारखीच तो ओढतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो तो उजाडण्याआधी. तळ्यांमधले मासेही पहाटे मरून तरंगतात ते याचसाठी.

इथे मला माझं २०१३ पूर्ण आठवलं. पंपाची घरघर होते, झोप येत नाही, म्हणून मी तो रोज रात्री बंद करायचो. त्या रात्रीही केला होता. झाकण बंद, पाणी तापलेलं, वरून बर्फाचा झटका, आणि रात्रभर हवा बंद. घरी आल्यावर मुलीला फोन केला आणि सांगितलं, की तू म्हणतेस ते बरोबर आहे. ती म्हणाली, “ते मला आधीपासूनच माहीत होतं.”

डोह

ऊन उतरल्यावर आम्ही कन्हानवर गेलो. सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून येणारी ही नदी पुढे वैनगंगेला मिळते. मे महिन्यात तिचं पात्र म्हणजे वाळूचा पसारा आणि मधून चाललेली पातळ धार. धारेचं पाणी पायाला कोमट लागलं. वाळूत हातभर खोल झिरा खणलेला होता, त्यातलं पाणी मात्र गार. पलीकडे वळणावर एक डोह होता. तिथे एक ढीवर जाळं सोडवत बसला होता. एवढ्या उन्हात मासोळी कुठे जाते विचारलं तर म्हणाला, “खाली जाते, कुठं जाईन? संध्याकाळी वर येते.”

नदीतल्या माशाला डोह असतो. वरचं तापलं तर खाली जायचं, ऊन चढलं तर कपारीत, झाडाच्या मुळांत. दीड फुटाच्या काचेला खाली असं काही नसतंच, वर आणि खाली सारखंच शिजतं. वाळूचे उपसे असेच चालू राहिले तर नदीलाही डोह उरणार नाहीत. पण तो लेख वेगळा.

माशांच्या आणि कूलरच्या नात्याची दुसरी बाजूही खाप्यात दिसली. एका घराच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात गप्पी मासे होते. डेंग्यूचे डास कूलरच्या आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं साठवणीच्या पाण्यात हे मासे सोडायला देतात. एकोणिसाव्या शतकात त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या गप्पी नावाच्या साहेबावरून पडलेलं हे नाव आपल्याकडे इतकं रुळलं, की मासा गप्पा मारत असेल असं वाटावं. टाकं अर्धं सावलीत, वर जांभळाची फांदी, पाणी रुंद आणि उघडं. मासे शेकड्याने. ना फिल्टर, ना दिवा, ना झाकण. त्यांची काळजी कोणीच घेत नव्हतं, आणि उन्हाळा त्यांना कळलाही नसावा.

निघताना मी मोबाइलच्या दुकानात पुन्हा डोकावलो. पोराने दिवा बंद केला होता आणि झाकण तिरपं करून त्याखाली एक जुना चार्जर अडकवला होता, बोटभर फट राहील असा. थर्मामीटर मी त्याच्याकडेच ठेवून आलो. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. काउंटरवरचा पंखा त्याने टँककडे वळवला होता आणि पाणी तिशीत आलं होतं. एक गोल्डफिश मात्र मधल्या काळात गेला होता.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा थंडीची चाहूल लागलेली असेल. आमच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. अशा थंडीत टँकला हीटर लावाल, झाकणही बंद कराल. जरूर करा. फक्त मार्चमध्ये ज्या दिवशी कूलरच्या ताट्यांत नवं गवत भराल, त्याच दिवशी ते झाकण काढून माळ्यावर टाका आणि त्या जागी मच्छरदाणीचा तुकडा ताणा.